चिमीसाठी दूध

आमच्या घरी पाहुणे फारसे येत नसत. आले तरी ओट्याशी उभ्याउभ्याच बोलून जात, आणि पाण्याचा पेला पुढे केला की बहुतेकांना नेमकी तेव्हा तहान नसे. आमचं घर नाशिकच्या बाहेर, महारोग्यांच्या आश्रमाच्या फाटकाला लागून होतं. बाबा आश्रमात ड्रेसर होते. रोग्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आठवड्यातून दोनदा कडू तेलाच्या सुया टोचायच्या, हे त्यांचं काम. आई तिथलं स्वयंपाकघर आणि बायकांचा विभाग सांभाळायची. दोन कौलारू खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी, आणि न्हाणीच्या दाराशी लाल औषधाच्या पाण्याची बादली कायम भरलेली. आश्रमातून आलेल्यानं त्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचं, असा बाबांचा नियम होता. आईच्या हातांना त्यामुळे एक तांबूस रंग कायमचा चढला होता, आणि तिच्या भाकरीलाही त्या औषधाचा वास येतो असं मला उगीचच वाटे.

सकाळी मला जाग यायची ती जात्याच्या घरघरीनं. आई दळता दळता भजन म्हणायची, पण पूर्ण कधीच नाही. एक ओळ म्हणून झाली की पुढची ओळ जातंच म्हणतंय असं वाटायचं, आणि मग तिसऱ्या ओळीला तिचा आवाज पुन्हा यायचा. मग आश्रमाची घंटा, आणि घंटेनंतर फरसबंदीवर कुबड्यांची टकटक. कोण चाललंय हे मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखत असे, कारण ज्याच्या पायाची बोटं गेली त्याचं चालणं वेगळं, आणि ज्याचं पाऊलच वाकलं त्याचं वेगळं. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, उन्हाळ्यात कैरीचा टक्कू असं आमचं रोजचं जेवण. रविवारी उपासनेहून आलं की मटणाचा रस्सा असायचा, आणि त्यातली नळी बाबा न बोलता माझ्या ताटात टाकायचे. जेवणाआधीची बाबांची प्रार्थना लांबत जायची. आश्रमातल्या एकेका रोग्याचं नाव घेतल्याशिवाय ते थांबत नसत, आणि भात निवायला लागला की आई हळूच खाकरायची. तेवढ्यावर बाबांना कळायचं, आणि उरलेल्या रोग्यांना देवाच्या हाती एकत्रच सोपवून ते आमेन म्हणायचे.

मी एकुलती एक, एस्तेर, घरात एस्तू. त्या वेळी बारा-तेरा वर्षांची असेन. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला तिच्या आईनं दुसऱ्या बाकावर बसवायला लावलं होतं, आणि ते मला इतकं लागलं होतं की मी त्याचा सगळा राग आश्रमावर काढत असे. बाबांच्या हाताखालून गेलेली माणसं मला लहानपणापासून नावानं हाक मारत आली होती. मी फाटकापलीकडून उत्तर देई, पण फाटक ओलांडत नसे. भीती होतीच. भीतीपेक्षाही लाज जास्त होती, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

सोना आमच्या आश्रमात आली ती घोटीकडच्या एका खेड्यातून. तिच्या दिरानं तिला बैलगाडीतून आणून फाटकाशी उतरवलं, तिचं गाठोडं तिच्याशेजारी ठेवलं आणि गाडी वळवली. तिला दिवस गेलेले होते हे त्यानं सांगितलंसुद्धा नाही. ते आईला दिसलं. सोना विशीतली असेल. गालावर, कानाच्या पाळीवर चट्टे, हाताची बोटं आत वळायला लागलेली. नवरा मागोमाग येईल असं ती पहिले काही दिवस म्हणायची, मग म्हणायची थांबली. वैशाखातल्या एका दुपारी तिला मुलगी झाली. आश्रमाचा नियम असा होता की रोग्याचं मूल जन्मल्याबरोबर वेगळं करायचं. आईनंच नाळ कापली, मूल दुपट्यात गुंडाळलं आणि सोनाला लांबून दाखवलं. सोना म्हणाली, “तिला चिमी म्हना,” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

अशा मुलांना दूर गावच्या एका अनाथालयात पाठवत असत, पण ते महिन्याच्या आतलं मूल घेत नसत. तोवर मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला. आईनं कोणाला विचारलं नाही. ती चिमीला घेऊन घरी आली, लाल पाण्यात हात बुडवले आणि माझ्या जुन्या पाळण्याची दोरी बांधायला लागली.

मी त्या बाळाला हात लावला नाही. आईनं एकदा सांगून पाहिलं, “एस्तू, जरा धर हिला, मी दूध तापवते.” मी दप्तर उचललं आणि ओट्यावर जाऊन बसले. आईनं तिला कडेवर घेऊनच दूध तापवलं. मी मनात प्रार्थना करत होते, आणि ती चांगली प्रार्थना नव्हती. हे मूल आमच्या घरातून जाऊ दे, कसंही जाऊ दे, असं मी देवाला सांगत होते.

ते कसं जाईल हे दुसऱ्याच दिवसापासून दिसायला लागलं. गाईचं दूध पाणी घालून दिलं, ते तिनं उलटून टाकलं. शेळीचं दिलं, तर तिला हगवण लागली. बाबा सायकलवर देवळालीच्या लष्करी कॅम्पात जाऊन सोजिरांच्या बाजारातून भुकटीच्या दुधाचा डबा घेऊन आले. आई कापसाचा बोळा त्यात बुडवून थेंब थेंब तिच्या तोंडात पिळायची. थोडा वेळ ते आत राहायचं आणि मग आंबट वास येऊन बाहेर यायचं. चौथ्या दिवशी ती रडायची थांबली आणि कण्हल्यासारखा बारीक आवाज करायला लागली. डोक्यावरची टाळू खड्ड्यासारखी आत गेली. आश्रमाचे डॉक्टर शहरातून आठवड्याला एकदा येत. त्यांनी त्या दिवशी चिमटीत तिच्या पोटाची कातडी धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, तेव्हा ते बाबांना म्हणाले, “हिला बाईचं दूध मिळालं तर जगेल. नाहीतर दोन दिवस.”

आमच्या ख्रिस्ती वस्तीत अंगावर पाजणाऱ्या तीन बायका होत्या. आई तिघींकडे गेली. पहिलीनं दार उघडलं आणि आई काय म्हणते ते ऐकून तिथंच रडायला लागली. ‘रत्नाबाई, मला हे विचारू नका,’ एवढंच म्हणाली. दुसरीच्या सासूनं आईला ओट्यावरही चढू दिलं नाही. तिसरी तयार झाली, पदर खोचून निघालीसुद्धा, पण तिचा नवरा दारात आडवा उभा राहिला. मी त्यांना दोष देत नाही. ज्या मुलीनं स्वतः त्या बाळाला हात लावला नव्हता ती कुणाला काय दोष देणार?

पाचव्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला बाबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांची नावं घेतली, आणि चिमीच्या नावापाशी त्यांचा आवाज थांबला. तेव्हा आईनं पुढची प्रार्थना केली. ती घरात मोठ्यानं प्रार्थना करत नसे, म्हणून मला ती शब्दन् शब्द आठवते. “देवबापा, मला जेवढी दारं माहीत होती तेवढी झाली. आता तुला माहीत असेल तिथं ने. मी चालते.” बस, एवढीच. मग तिनं चिमीला दुपट्यात घेतलं, वर ओलं फडकं धरलं आणि मला म्हणाली, “चल, छत्री घे.”

बाबा म्हणाले, “कुठं निघालीस?”

“गावात. भागाबाई सुईणीला विचारते. कोण कुठं बाळंत झालंय ते तिला माहीत असतं.”

बाबा फाटकापर्यंत आमच्याबरोबर आले. तिथं ते थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “कुणी भेटलंच, तर लगेच सगळं सांगू नकोस. आधी पाजू दे. पोर वाचू दे. मग मी येऊन सांगेन.” बाबा खोटं बोलणारे नव्हते. त्या पाच दिवसांनी त्यांना तिथवर आणलं होतं.

आई म्हणाली, “देवानं दार उघडलं तर मी त्यातून खोटं बोलून आत जाणार नाही. मग ते दार त्यानं उघडलं असं मला म्हणता येणार नाही.”

आम्ही पायी निघालो. टांगेवाले आश्रमाच्या रस्त्याला येत नसत. रस्ता तापलेला, दोन्ही बाजूंची झाडं धुळीनं पांढरी पडलेली. मी छत्री धरून आईच्या पाठीमागून चालत होते, म्हणजे बाळावर सावली राहील आणि माझा हातही बाळाला लागणार नाही. जुन्या नाशकात शिरल्यावर बोळांतून जरा गारवा लागला. तांबटांचे ठोके एका बाजूनं ऐकू येत होते. भागाबाईचं घर नदीच्या बाजूला उतरणाऱ्या एका बोळात, मणियारांच्या वस्तीला लागून होतं. आईनं कडी वाजवली. बऱ्याच वेळानं भागाबाईची सून बाहेर आली आणि म्हणाली, “आत्याबाई घोटीच्या अंगाला गेल्यात बाळंतपणाला. परवापर्यंत नाय यायच्या.”

“तुला कोणी माहीत आहे का गं, तान्ह्या बाळाची आई?”

“मला नाय बा माहीत,” ती म्हणाली, आणि दार लागलं.

मला आठवतं, मला तेव्हा आईची दया आली नाही, राग आला. एवढं चालायला लावून देवानं आम्हाला बंद दाराशी आणून सोडलं असं मला वाटलं. आई चार पावलं गेली आणि शेजारच्या घराच्या पायरीवर मटकन बसली. चिमीचे डोळे अर्धे मिटलेले होते.

ज्या पायरीवर ती बसली ते एका मणियाराचं घर होतं, बांगड्या विकणाऱ्याचं. आतून एक वयस्क बाई डोकावली. पांढरे केस, नाकात चमकी, डोक्यावर पदर घेतलेला. तिचं नाव खातूनबी, हे पुढे कळलं. ती म्हणाली, “उन्हाची कुठून आलीस बाई, लेकराला घेऊन? आत बस. पानी देती.”

आम्ही आत गेलो. घर लहान, स्वच्छ सारवलेलं, भिंतीला बांगड्यांचे जुडगे लटकवलेले. पण त्या घरात एक वास होता, मोगऱ्याचा. लग्नघरात यावा तितका दाट वास, आणि लग्नाची तर काहीच खूण नव्हती. उलट चूल थंड होती आणि कोपऱ्यात सुकलेल्या मोगऱ्याचा ढीग केरसुणीनं लोटून ठेवलेला होता. खातूनबीनं आईच्या हातात पाण्याचा कटोरा दिला. आईनं तो तोंडाला लावला नाही. ती त्या फुलांकडे बघत राहिली. माझ्या आईनं पुष्कळ बाळंतपणं पाहिली होती. अंगावरचं दूध आटवायचं असलं की बायका छातीला मोगऱ्याची फुलं बांधतात, हे तिला माहीत होतं. मला नव्हतं.

“कधी गेलं?” आईनं हलकेच विचारलं.

खातूनबीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. “नऊ दिवस झाले,” ती म्हणाली. “बारा दिवसांचा होता. बुखार आला आन् गेला. अल्लाची मर्जी.”

तेवढ्यात चिमी कण्हली. फार मोठा आवाज नव्हता तो, मांजराच्या पिलासारखा. आतल्या खोलीच्या पडद्याआड काहीतरी हललं आणि एक तरुण बाई दारात येऊन उभी राहिली. खातूनबीची सून, जमिला. तिनं दोन्ही हात छातीशी आवळून धरले होते आणि तिची चोळी बघता बघता भिजत चालली होती. मोगऱ्याच्या फुलांनी नऊ दिवसांत जे साधलं होतं ते त्या एका आवाजानं उलटं फिरवलं. ती लाजली नाही, सरळ चालत आली आणि बाळासाठी हात पुढे केले.

आणि माझ्या आईनं बाळ मागे घेतलं.

आयुष्यात मी नंतर पुष्कळ शूर माणसं पाहिली, पण त्या क्षणी आईनं बाळ मागे घेतलं त्याहून मोठं धैर्य मला कुठं दिसलं नाही. पाच दिवस ज्यासाठी ती दारोदार फिरली ते हाताच्या अंतरावर होतं. ती म्हणाली, “थांब बाळ. आधी ऐक. मग ठरव. हिची आई आश्रमात आहे. तिला महारोग आहे.”

जमिलाचे हात तसेच हवेत राहिले. खातूनबी पटकन उठली आणि सुनेच्या पुढे येऊन उभी राहिली.

“डाक्तर काय म्हनतो?”

“पोटातून येत नाही म्हणतो. मूल लगेच वेगळं केलं तर धोका नाही म्हणतो.” आईनं दुपटं सोडून चिमीला उघडं केलं, पाठ दाखवली, पोट दाखवलं, तळपाय दाखवले. “अंगावर कुठं डाग नाही. पण खातरीनं सांगायला मी देव नाही. मी शपथ घेणार नाही.”

खातूनबी वाकून त्या उघड्या पोराकडे बघत होती. मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी दाराशी छत्री धरून उभी होते.

“ही तुझी लेक? ही घेते का हिला?”

आई खोटं बोलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात हुकूम नव्हता, तक्रारही नव्हती. मला हुकूम हवा होता. मी म्हणाले, “नाही. मी अजून घेतलं नाही तिला.”

“का?”

“मला भीती वाटते.”

मी आमच्या सगळ्यांचा घात केला हे मला कळलं. बाळ आमच्या घरातून जाऊ दे म्हणून मी पाच दिवस जे मागितलं होतं ते आता माझ्याच तोंडून घडत होतं. मी खाली पाहिलं. चिमी आईच्या मांडीवर उघडी पडली होती, आणि तिच्या बरगड्या श्वासागणिक दिसत होत्या. पुढे काय झालं ते मला आजही नीट उलगडून सांगता येत नाही. धीर आला असं म्हणता येणार नाही, कारण भीती तशीच होती. मी छत्री खाली ठेवली, आईजवळ गेले आणि चिमीला उचललं. ती काहीच जड नव्हती. मी तिला खांद्याशी धरलं, तशी तिनं मान इकडेतिकडे हलवली आणि माझ्या गळ्याशी तोंड लावून चोखायला लागली. तिथं काही नव्हतं, तरी ती चोखत राहिली. मला रडू आलं, आणि मी तिला सोडलं नाही.

खातूनबी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग ती बाजूला झाली. “पोरगी खरं बोलली,” ती म्हणाली. “आमच्या पैगंबरांनाबी परक्या बाईनंच पाजलं होतं. जमिला, तुझं तू बघ बेटी. मी नाही म्हननार नाही.”

जमिलानं चिमीला माझ्या हातातून घेतलं आणि भिंतीकडे पाठ करून बसली. सुरुवातीला चिमीला ओढायची ताकद नव्हती. जमिलानं दोन बोटांनी दूध तिच्या तोंडात पिळलं, पुन्हा पिळलं, आणि मग एकदम घोट गिळल्याचा आवाज आला. एक, आणि थोड्या वेळानं दुसरा. आम्ही तिघी तो आवाज ऐकत बसलो. तेव्हा कुठं आईनं तो पाण्याचा कटोरा उचलला आणि एका दमात संपवला.

जमिलाचा नवरा इस्माईल दिंडोरीच्या बाजाराला गेला होता. तो येईपर्यंत थांबायचं असं आईनं ठरवलं, कारण त्याच्यामागे हे होऊन गेलं असं तिला नको होतं. तो आला, डोक्यावरची बांगड्यांची पेटी उतरवली, आणि खातूनबीनं त्याला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तो उभाच राहिला. मांडीवर झोपलेल्या बाळाकडे आणि बायकोकडे पाहत राहिला. नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच जेवली होती, हे नंतर खातूनबीनं आम्हाला सांगितलं. शेवटी तो म्हणाला, “अम्मा, दूध पाजलं ना? मग नातं झालं. आता मला काय विचारता?” आणि हातपाय धुवायला निघून गेला.

चिमी साडेतीन महिने त्या घरी राहिली. तिला अनाथालयात पाठवायचं असं पुन्हा कोणी बोललं नाही. रोज सकाळी मी धुतलेली लंगोटं आणि दुपटी घेऊन जायची आणि शाळेच्या वेळेपर्यंत तिच्याजवळ बसायची. पहिल्या आठवड्यात तिची टाळू भरली, महिन्याभरात मनगटाला वळी पडली. हे सगळं काही फुकट झालं नाही. बोळात बातमी फुटली तेव्हा बऱ्याच बायकांनी इस्माईलकडून बांगड्या भरणं सोडलं. त्याच्या हातात हात देऊन बांगड्या भरून घ्यायच्या, आणि त्याच्या घरात महारोग्याचं मूल. त्याला काही महिने लांबलांबच्या बाजारांना जावं लागलं. त्यानं ते आम्हाला कधी ऐकवलं नाही. आम्हाला ते भागाबाईकडून कळलं.

भागाबाई घोटीहून परतल्यावर आईला भेटायला आश्रमाच्या फाटकापर्यंत आली होती. ती म्हणाली, “बाई, मी त्या दिवशी घरात असते ना, तर तुम्हाला त्या दारात पाय नसता ठेवू दिला. माती होऊन नऊ दिस झालेलं घर. तिथं कुणी तान्हं लेकरू घेऊन जातं व्हय? मी तुम्हाला नायच म्हनले असते.” मी तेव्हापासून बंद दारांवर रागवायला जरा बिचकते.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. जमिलाचं बाळ गेलं म्हणून चिमी जगली, हे वाक्य मी कधी तोंडातून काढलेलं नाही, आणि उपासनेत कोणी उत्साहानं तसं म्हटलं तर आई उठून बाहेर जायची. ती म्हणायची, “देवानं आपल्याला तिच्या पायरीवर नेऊन बसवलं, एवढं मला कळतं. बाकीचं मला त्यालाच विचारायचं आहे.” आता माझी ऐंशी उलटली आहे. माझ्याही यादीत तो प्रश्न आहे. पण त्या यादीपेक्षा ज्याबद्दल आभार मानायचे ती यादी लांब आहे, आणि तिची सुरुवात त्या पायरीपासून होते. चिमी आमच्या घरात माझी बहीण म्हणून वाढली. जमिलाला पुढे दोन मुलगे झाले, ते चिमीला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत, आणि ईदेचा शिरखुर्मा आमच्या घरी डबा भरून येई. चिमीच्या अंगावर कधी एक डागही उठला नाही. तिला आता नातवंडं आहेत. तिच्या गुडघ्यांची तक्रार माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि ती फोनवर मला रोज ऐकवते.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते सोनाबद्दल. साडेतीन महिने सोना कुंपणापाशी आली नव्हती. मूल लांबून बघायची परवानगी होती, चिमीला आणून दाखवू का असं आई तिला दर आठवड्याला विचारायची, आणि ती मान हलवून नको म्हणायची. बघितलं तर घ्यावंसं वाटेल, हे तिनं एकदाच सांगितलं. भाद्रपदात, वरचं दूध पचायला लागल्यावर, चिमी आमच्याकडे परत यायची ठरली, तेव्हा जमिला स्वतः तिला घेऊन आली. तिला चिमीची आई बघायची होती. आईनं आत जाऊन तसं सांगितलं, आणि त्या दिवशी सोना आली.

तारेच्या कुंपणाला मध्ये एक फाटक होतं. त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे दहा-बारा पावलांवर सोना. तिनं हात पदरात लपवले होते. जमिलानं चिमीला उंच धरून दाखवलं. सोना म्हणाली, “पाठमोरी करा,” तसं जमिलानं तिला पाठमोरी केलं. “पाय दावा,” म्हणाली, पाय दाखवले. चिमीला सगळी गंमत वाटत होती, ती हसत होती. मग सोनाला पुढे काय विचारावं ते सुचेना. थोड्या वेळानं ती म्हणाली, “लय जड झाली का वो?”

“हो,” मी म्हणाले. “हात भरून येतात.”

“किती जड?”

मला सांगता येईना. जमिलानं माझ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. कुंपणावर आमचा भोपळ्याचा वेल पसरलेला होता. तिनं चिमीला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातानं एक भोपळा तोडून तोलून पाहिला आणि खाली ठेवला. दुसरा तोडला, तोही हलका वाटला. तिसरा तिनं बराच वेळ हातावर धरला, चिमीकडे पाहिलं, भोपळ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. चिमीला माझ्याकडे देऊन तिनं फाटक उघडलं, पाच-सहा पावलं आत गेली, तो भोपळा गवतावर ठेवला आणि मागे आली. बाबा दारात उभे होते. त्यांनी तिला अडवलं नाही.

सोना पुढे आली. बोटांनी तिला काही धरता येत नसे, म्हणून तिनं दोन्ही मनगटं खाली घालून तो उचलला आणि छातीशी घेतला.

“एवढी?”

“एवढीच,” जमिला म्हणाली.

सोनानं तो खांद्यावर घेतला, त्यावर गाल टेकवला, आणि बाळ घेतलेली बाई जशी उभ्याउभ्या डुलते तशी ती डुलायला लागली. तिचं लक्ष माझ्या कडेवरच्या चिमीवर होतं. आम्ही कोणी हसलो नाही, आणि निघायची घाईही केली नाही. घंटा झाली तशी ती वळली आणि तो तसाच घेऊन आत गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून निरोप आला की सोना भोपळा देत नाही, कालवणाला काय करायचं. आई हात पुसत म्हणाली, “आज नुसतं वरण करा.”